मधुचंद्राची वाट ताडोबाच्या रानातून

लग्नानंतरची सहल म्हटली की महाबळेश्वर, गोवा किंवा उटी ही नावे ठरलेली असतात. रानाची ओढ असलेल्या नवदांपत्यांना मात्र नागपूर, ताडोबा आणि चंद्रपूर असा चार दिवसांचा मोटारप्रवास निराळाच आनंद देऊ शकतो. ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याची घोषणा १९५५ मध्ये झाली. अंधारी अभयारण्यासह १९९५ मध्ये येथे व्याघ्र प्रकल्प आकाराला आला.

पहिला दिवस नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील रामटेकसाठी राखावा. 'मेघदूत'मधील विरही यक्षाचा रामगिरी तो हाच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. गडावरील राममंदिर, वाकाटककालीन नरसिंह मंदिरे आणि कालिदास स्मारक निवांत पाहण्याजोगे आहे. रामटेकचे रूप आषाढात खुलते. पण ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. दोन्ही साधायचे तर पावसाळा सरताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघावे.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून चंद्रपूरचा रस्ता धरला की वरोऱ्याला आनंदवन लागते. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी कुष्ठरुग्णांसाठी ओसाड माळावर उभारलेले हे गाव. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ मधली. एका जोडप्याने संसाराचा परीघ किती विस्तारता येतो, हे तेथे दिसते. पुढे भद्रावतीला विजासन लेणी आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर पाहून सायंकाळपूर्वी मोहर्ली गाठावे. अंधार पडल्यावर जंगलालगतच्या रस्त्यांवर चितळ, रानडुकरे अचानक आडवी येतात.

तिसरा दिवस रानाचा. मोहर्ली, कोलारा, नवेगाव आदी प्रवेशद्वारांतून सकाळी आणि दुपारी सफारी निघते. आपली मोटार बाहेरच ठेवून उघड्या जिप्सीत स्थानिक मार्गदर्शकासह जावे लागते. सागवान आणि बांबूच्या या रानात रानगवा, अस्वल, रानकुत्री, सांबर दिसतात; ताडोबा तलावाच्या काठी मगरी ऊन खात पडलेल्या असतात. तलावाजवळच तारू या गोंड देवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मरण आलेला गावप्रमुख म्हणजेच हा तारू, अशी कथा सांगतात.

ही कथा केवळ भूतकाळाची नाही. परिसरातील गावकरी आजही सरपणासाठी, मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्यासाठी रानात जातात आणि त्यांतील काहींचा वाघाच्या हल्ल्यात बळी जातो. पाहुण्यांना सहलीचे आकर्षण वाटणारा वाघ हा त्यांचा रोजचा शेजारी आहे. मुक्कामासाठी आणि खरेदीसाठी खर्चलेला पैसा या गावांतच राहिला, तर वाघ राखण्याचा भार थोडा तरी हलका होईल. वाघ दिसेलच याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. एकाच सफारीवर सारी आशा ठेवण्यापेक्षा दोन सफारींची तजवीज करावी.

चौथा दिवस चंद्रपूरचा. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांचा गोंडकालीन परकोट अजूनही शहराला वेढून आहे. अंचलेश्वर मंदिरानजीक गोंड राजांच्या समाध्या असून त्यांतील राजा बीरशहाची भव्य समाधी राणी हिराईने अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधवली. पत्नीने पतीच्या स्मरणार्थ उभारलेली अशी वास्तू दुर्मीळच. ती पाहून सुमारे १५० किलोमीटरवरील नागपूरला सायंकाळपर्यंत परतता येते.

निघण्यापूर्वी

सफारीचे आरक्षण प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावर आगाऊ करावे. छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र जवळ असावे. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते. हिवाळ्यात पहाटे उबदार कपडे लागतात. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येण्याचा संभव अधिक, पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. भडक रंगाचे कपडे आणि अत्तरे घरीच ठेवावीत.