गोजिराची डरकाळी

‘गोजिरा’ म्हटले की मराठी माणसाला दुडुदुडु धावणारे मूल आठवते. जपानी माणसाला याच नावाने पन्नास मीटर उंचीचा, तोंडातून ज्वाळा ओकणारा राक्षस आठवतो! ‘गोरिरा’ म्हणजे गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा. या दोघांची मोट बांधून टोकियोच्या तोहो चित्रसंस्थेने १९५४ साली हे नाव पडद्यावर आणले. अमेरिकेत त्याचे ‘गॉडझिला’ झाले आणि १९७७ साली न्यूयॉर्ककडच्या ‘ब्लू ऑयस्टर कल्ट’ या वाद्यमेळाने त्याच्यावर एक गाणे रचले. विजेवरच्या गिटारींचा तो दणदणाट, ज्याला हार्ड रॉक म्हणतात, दंडारीवर पोसलेल्या आम्हा भंडाऱ्याकडच्या कानांना मानवेलच असे नाही. पण त्यामागची हकीकत ऐकण्याजोगी आहे, आणि ती सुरू होते एका मासेमारी नौकेपासून.

१ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोट शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीचपट निघाला. हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही लाकडी नौका ट्यूना मासे धरीत होती. नावाचा अर्थ ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’! पहाटे पश्चिमेला सूर्य उगवावा तसा उजेड झाला आणि काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडू लागली. जळलेल्या प्रवाळांची ती भुकटी २३ खलाशांच्या केसांत, कानांत, कपड्यांत गेली. नौका दोन आठवड्यांनी बंदराला लागली तेव्हा सारेच आजारी होते. २३ सप्टेंबरला तिचा रेडिओचालक कुबोयामा आइकिची वारला. वय अवघे ४० वर्षे.

त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला, ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभीच एक बोट लखलखाटात जळून बुडते. बॉम्बच्या चाचणीने समुद्रतळातून उठलेला हा राक्षस कोण, हे जपानी प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावे लागले नाही. दिग्दर्शक होंडा इशिरो युद्धावरून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून गेले होते. संगीतकार इफुकुबे आकिरा मूळचे वनशास्त्राचे विद्यार्थी. युद्धकाळात लाकडावर संशोधन करताना क्ष-किरणांनी त्यांची प्रकृती ढासळली होती.

राक्षसाच्या डरकाळीचा शोध चालला तेव्हा सिंह-वाघांचे आवाज घेऊन पाहिले, पण जमेना. शेवटी इफुकुब्यांनी एक भलेथोरले तंतुवाद्य घेतले, ज्याला डबल बास म्हणतात ते. त्याची तार ढिली केली आणि राळ लावलेला चामडी हातमोजा तिच्यावरून खसकन ओढला. ध्वनिमुद्रण संथ करताच डरकाळी तयार! म्हणजे पुढे गिटारवाल्यांनी तिचे गाणे केले तेव्हा तारेचाच आवाज तारेवर परत आला, असे म्हणायला हरकत नाही.

मधल्या काळात मात्र बरेच काही गळाले. १९५६ साली अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत रेमंड बर हा नट घुसवला आणि बॉम्बविषयीचे बोलणे पुष्कळसे छाटले. उरला तो घरे तुडवणारा राक्षस, पोराटोरांच्या मौजेचा. मूळ चित्रपट अमेरिकेतील चित्रगृहांत सर्रास लागला तो २००४ साली. ५० वर्षांनी!

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. नागपुरात काळी मारबत १८८१ पासून निघते आणि तिच्यासोबत बडगे असतात. ज्या वर्षीचे दुखणे, त्या वर्षीचा बडग्या: कधी महागाई, कधी लाचखोरी. त्याच्या अंगावर पाटी असते, म्हणून लहान पोरालाही कळते की कुणाला हाकलायचे. मला १९५४ चा गोजिरा तसाच बडग्या वाटतो. अमेरिकेला गेला तो पाटी काढून.

गिटारवादक डोनाल्ड रोझर याने लिहिलेले ते गाणेही वरवर थट्टेचेच. राक्षस बस उचलून फेकतो, इमारतींमधून वाट काढतो, गिटार त्याच्या पावलांसारखी धपधप पडते. पण मध्येच वाद्यांच्या गदारोळात एक जपानी आवाज येतो आणि गोजिरा टोकियोच्या गिंझा भागाकडे येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, असे बजावतो. आणि अखेरीस निसर्ग माणसाचा मूर्खपणा कसा उघडा पाडतो, असेही गाणे म्हणून जाते. पाटीचा एक फाटका कोपरा रोझरच्या हाती लागला होता खास! २०१९ साली हेच गाणे सर्ज टँकियनच्या आवाजात एका नव्या गॉडझिला चित्रपटाच्या शेवटी वाजले. पडद्यावरून तबकडीवर आणि ४२ वर्षांनी पुन्हा पडद्यावर.

नौकेचे काय झाले? तिचे नाव बदलून काही वर्षे तिच्यावर मुलांना जहाजाचे शिक्षण दिले. १९६७ साली ती मोडीत निघाली आणि टोकियोच्या कचऱ्याच्या भरावाजवळ, युमेनोशिमाला, टाकून दिली गेली. नागरिकांनी चळवळ करून तिला वाचवले. तिच्यासाठी तिथेच बांधलेले दालन १९७६ साली उघडले, अमेरिकेत ते गाणे निघण्याच्या आदल्याच वर्षी. लाकडी कण्याची ती नौका आजही तिथे उभी आहे, आणि तिच्यावर पडलेली राखही बाटलीत जपून ठेवली आहे.