मिलिशियाच्या जखमी शिपायांच्या पेन्शन-कैफियती

कैफियती, करीने आणि महजर यांचा अभ्यास करणारांस एक अडचण नेहमीं पडते. ज्या हक्कासाठीं कागद लिहिला, त्या हक्काच्या लोभानें सांगणाराची जीभ कितपत वळली, हें ठरवावयाचें कसें? या प्रश्नाच्या उलगड्यास उपयोगी पडेल असा एक प्रचंड दप्तरसंग्रह वॉशिंग्टन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत (१७७५–१७८३) लढलेल्या शिपायांचे व त्यांच्या विधवांचे पेन्शनबद्दलचे आणि इनाम-जमिनीबद्दलचे हे अर्ज असून, त्यांच्या सुमारें ८०,००० फायली सूक्ष्मपटाच्या २,६७० रिळांवर उतरविल्या आहेत. त्यांतील मिलिशियाच्या शिपायांपुरताच, आणि विशेषतः जखमी होऊन म्हातारपणीं सरकारकडे दाद मागणारांपुरता, विचार आम्ही येथें करणार आहों.

मिलिशिया म्हणजे खडी फौज नव्हे. गांवोगांवचे शेतकरी व कारागीर पाळीपाळीनें कांहीं आठवडे किंवा महिने बंदूक घेऊन निघत आणि पाळी संपली कीं घरीं परतत. आपल्या शिबंदीशीं तिचें थोडें साम्य दिसतें. परंतु शिबंदी ही चाकरी, तर मिलिशिया ही गांवकीची जबाबदारी. युद्धाचा पहिला मारा याच लोकांनीं सोसला. १९ एप्रिल १७७५ रोजीं लेक्सिंग्टनच्या मैदानावर कॅप्टन पार्कर याच्या तुकडींत पुढच्या रांगेंत असलेला जॉन रॉबिन्स जबर जखमी झाला, आणि पुढें त्यानें मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे मदतीचा अर्ज केला.

अपंग शिपायांसाठीं पहिला ठराव काँग्रेसनें २६ ऑगस्ट १७७६ रोजीं केला. हातपाय गमावलेल्या किंवा पोट भरण्यास असमर्थ झालेल्या शिपायास निम्मा पगार द्यावा, असा तो होता. पण पैसा द्यावयाचा संस्थानांनीं. केंद्र सरकारनें हें ओझें १७८९ त उचललें, आणि संस्थानी फौजा व मिलिशिया यांतील जखमींस केंद्राच्या कायद्याचा लाभ स्पष्ट शब्दांनीं मिळाला तो १८०६ त. १८१८ चा कायदा गरजू शिपायांसाठीं होता खरा, परंतु तो खड्या फौजेपुरता. मिलिशियाच्या सामान्य शिपायास दार उघडलें तें ७ जून १८३२ च्या कायद्यानें. तोंपर्यंत लेक्सिंग्टनच्या चकमकीस सत्तावन्न वर्षें होऊन गेलीं होतीं!

या कायद्यांत एक मेख होती, आणि आमच्या मतें या कागदांचें सारें मर्म तींतच आहे. १८३२ चा कायदा दिवस मोजी, जखम मोजीत नसे. दोन वर्षें चाकरी भरली तर पूर्ण पगार, म्हणजे पायदळाच्या साध्या शिपायास सालीना ८० डॉलर. सहा महिने भरले तर २० डॉलर. सहा महिन्यांस कमी पडल्यास कांहींच नाहीं. आतां, तीन महिन्यांच्या पहिल्याच पाळींत मांडीस गोळी लागून जो घरीं आला, त्याचे दिवस भरावे कसे? दिवस न भरण्याचें कारण जखम, आणि पेन्शन नाकारण्याचें कारण दिवस. त्यास उरे तो अपंगांच्या जुन्या कायद्याचा मार्ग. तेथें पूर्ण अपंगत्वास १८१६ पासून दरमहा ८ डॉलर मिळत; पण जखम कामगिरीवर असतांनाच झाली याचा पुरावा व वैद्यांचा दाखला लागे. साक्ष देणारे अंमलदार बहुधा वारलेले. सरकारी दप्तराची गति तर त्याहून वाईट. १८०० च्या नोव्हेंबरांत युद्धखात्याच्या कचेरीस आग लागली, आणि १८१४ त इंग्रजांनीं वॉशिंग्टन जाळलें; त्यांत पूर्वीचे बहुतेक अर्ज नाहींसे झाले. अशा वेळीं अंगावरचा वण हाच म्हाताऱ्याचा अस्सल कागद!

१८३२ च्या कायद्याखालीं अर्जदारास न्यायालयांत शपथेवर हकीकत सांगावी लागे. जन्म कोठें व केव्हां, वयाची नोंद आहे काय, स्वखुषीनें गेलां कीं दुसऱ्याच्या बदली, बरोबर कोण अंमलदार होते, रजेचा कागद कोणाच्या सहीचा, तुमच्या सचोटीबद्दल शेजारपाजारचा कोण सांगेल, असे ठराविक प्रश्न असत. कारकून उत्तरें उतरून घेई. सनावळीच्या कामीं या कैफियती अर्थातच कच्च्या आहेत. सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसानें पाळ्यांचा क्रम उलटसुलट सांगावा यांत नवल नाहीं. तेवढ्यावरून त्या त्याज्य ठरविणें मात्र आम्हांस मान्य नाहीं.

नॉर्थ कॅरोलिनाच्या मिलिशियांतील गॅरेट वॉट्स याची कैफियत पाहावी. तिचा विषय जखम नव्हे, पळ आहे. १६ ऑगस्ट १७८० च्या कॅमडेनच्या लढाईंत पहिली बंदूक बहुधा आपलीच उडाली असें तो सांगतो, आणि त्याच दमांत आपण पहिल्यानें पळणारांपैकीं होतों हेंही कबूल करतो. बंदूक फेंकून दिली. मग निःशस्त्र सांपडल्यास शिक्षा होईल या भीतीनें वाटेंतला एक नगारा उचलला. पण झुडुपांच्या फांद्या लागून तो वाजूं लागला, तेव्हां तोही टाकला. पेन्शन मागावयास आलेल्या माणसानें हें सांगण्याचें कांहींएक कारण नव्हतें. ज्या मजकुरानें सांगणाराचा फायदा नाहीं, उलट लाज आहे, तो मजकूर आम्ही अस्सल समजतों.

लबाडीही होतीच. १८३४ त सिंगल्टन नांवाच्या सरकारी वकिलानें व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडील लुईस काउंटी वगैरे भागांत पेन्शनरांच्या पुन्हा जबान्या घेतल्या. त्यामुळें कांहीं माणसांच्या दोन दोन हकीकती आज फायलींत आहेत, आणि ताडून पाहणारास त्यांसारखें साधन नाहीं. मात्र सिंगल्टनचा शब्द प्रमाण धरण्यापूर्वीं तोही एका बाजूचाच माणूस होता, हें विसरूं नये.

पुष्कळ कैफियतींच्या तळाशीं सही नाहीं, फुली आहे. आपल्याकडील कुळंब्याच्या कागदावर निशाणी नांगराची असते, त्या जागीं ही फुली. विधवांच्या फायलींत याहून दुर्मिळ वस्तु सांपडतात. १८३६ च्या कायद्यानें विधवांस हक्क मिळाला, तेव्हां लग्नाचा दाखला म्हणून कित्येकींनीं घरच्या बायबलांतील जन्ममृत्यूच्या नोंदींचीं पानें फाडून अर्जास जोडलीं. तीं पानें त्या फायलींतच राहिलीं.