पडद्याआडचा बोर्ड

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. घरात सुतारकाम चालू होतं आणि माझं टेबल तीन आठवडे बेडरूमच्या भिंतीला आडवं टेकवून ठेवलेलं होतं. चिरंजीवांनी हॉलचं रूप पालटायला घेतलंय. सगळं ठीक होतं, पण दारातून आत आलं की समोर दिसणारी एमसीबीची पेटी (वायरमन तिला डीबी म्हणतो) सूनबाईंच्या डोळ्यांत खुपत होती. सजावटवाल्या बाईंनी उपाय काढला. पेटीवरून थेट छतापर्यंत लाकडी पॅनेल, चार स्क्रूंनी पक्कं बसवलेलं. "काका, कधी लागलंच तर स्क्रू काढायचे, दोन मिनिटांचं काम."

मी नको म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने म्हणालो. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

मुंबईत 1882 साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. योगायोग असा की त्याच वर्षी लंडनमध्ये तारायंत्राच्या इंजिनिअरांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांबद्दलचे पहिले नियम छापले, आणि ते होते आग लागू नये म्हणून. पुढे 1905 मध्ये मुंबईत बेस्ट कंपनी आली, 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. वाईजवळच्या आमच्या गावाला मात्र वीज मंडळ स्थापन होईपर्यंत, म्हणजे 1960 पर्यंत, कंदीलच होते. आमच्याकडे लाईट आली ती 1962 च्या दिवाळीआधी.

तेव्हा बोर्ड लपवायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. सोप्यात, आल्यागेल्याला दिसेल असा सागवानी फळीचा बोर्ड. त्यावर मीटर, काळा लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीची दोन पांढरीशुभ्र किटकॅट. तिथून भिंतीवर गेलेली केसिंग-कॅपिंगची लाकडी पट्टी. खंडेनवमीला विळी-कोयत्याबरोबर बोर्डालाही झेंडूचं फूल मिळायचं. पोरांचा हात लागू नये म्हणून वडिलांनी तो चांगला उंच लावून घेतला होता. चार वर्षांत नवलाई ओसरली, फळीवर धूळ आणि कोळिष्टकं साठली, तसा आईने त्यावर भरतकामाचा पडदा सोडला. राघूमैनेचा. थोडक्यात, सूनबाईंचं दुखणं काही नवीन नाही!

1966 च्या श्रावणात आई कपडे वाळत घालत होती. वाळवणीची लोखंडी तार सोप्याच्या वाशाला बांधलेली, तिथूनच विजेची वायर जात होती. वायरीवरचं रबर तडकलेलं होतं आणि वासा गळतीने ओला. आईचा हात तारेला चिकटला. मी पंधरा वर्षांचा होतो. मेन स्विच बंद करायचा एवढं मला ठाऊक होतं. धावलो, पडदा ओढला, उडी मारली. दांडा वीतभर उंच राहिला. स्टूल आणायला स्वयंपाकघरात पळालो तर त्यावर पिठाचा डबा. तो उतरवून स्टूल घेऊन येईपर्यंत शेजारचे आबा मुसळ घेऊन आत शिरले होते आणि त्यांनी आईच्या हातावर मुसळाचा तडाखा मारून तो सोडवला होता.

आई वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुन्हा सरळ झाली नाहीत. त्याच हाताने तिने पुढे तीस वर्षं भाकऱ्या थापल्या. नात्यातल्या पुष्कळांनी त्या खाल्ल्यात, बोटांचं कारण फार थोड्यांना ठाऊक होतं.

इतिहास शिकवण्यात नोकरी गेली, पण या बोर्डाचा इतिहास मी निवृत्त झाल्यावर वाचला. 1956 च्या भारतीय वीज नियमांत मेन स्विच सहज हाताशी असावा आणि त्याने सगळा पुरवठा तोडता यावा असं स्वच्छ म्हटलेलं होतं. 2010 साली नवे नियम आले तरी ती अट राहिली. वायरिंगचं भारतीय मानक, आयएस 732, तर आणखी पुढे जातं. मुख्य स्विचगिअरपर्यंत बाहेरच्या कुठल्याही साधनाशिवाय पोचता आलं पाहिजे, आणि फ्यूजचा बोर्ड जमिनीपासून दोन मीटरपेक्षा उंच नको. 'बाहेरच्या साधनाशिवाय' हे शब्द वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. स्टूल म्हणजे बाहेरचं साधन. स्क्रू-ड्रायव्हर हेही तेच.

गंमत म्हणजे लपवायला मानकाची हरकत नाहीच. भिंतीत खोबण करा, पुढे बिजागरीचं सागवानी दार लावा, फक्त आत-बाहेर पुरेशी जागा सोडा, असं त्यातच आहे. बाथरूममध्ये किंवा शेगडीच्या वर मात्र बोर्ड नको. न्यू जर्सीचा पुतण्या सांगतो की त्यांच्याकडे कपड्यांच्या कपाटातही चालत नाही, आणि पॅनेलपुढे 30 इंच रुंद व 36 इंच खोल जागा मोकळी ठेवावी लागते. (त्याच्या तळघरात त्या जागेत सायकली आहेत. वाचत असशील तर हलव रे.)

मला वाटतं किटकॅटच्या काळात बोर्ड आपोआपच आठवणीत राहायचा. महिन्या-दोन महिन्यांनी फ्यूज उडायचा, वडील काडेपेटीत गुंडाळून ठेवलेली तार काढायचे. एमसीबीचा शोध 1924 मध्ये जर्मनीतल्या मॅनहाइमला लागला, आपल्या घरांत तो रुळायला साठ-सत्तर वर्षं गेली. ती पडली तर बोटाने वर करायची, संपलं. वर्षातून एखाद्या वेळी पेटीकडे बघायचं, म्हणून ती अडगळ वाटायला लागली. आणि तिच्यातलं जे यंत्र आईला क्षणात सोडवू शकलं असतं, ते विजेची गळती ओळखणारं, त्यावर 'टी' अक्षराचं बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघायचं असतं. चार स्क्रूंच्या आड कोण दाबणार?

हे सगळं मी सूनबाईंना सांगितलं. बोटांचं आधी सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सुताराला त्यांनीच थांबवलं.

आता पॅनेलमध्ये पेटीपुरतं दार आहे. पूर्ण उघडून भिंतीला टेकतं, कुलूप नाही, लोहचुंबकाने बंद राहतं. पेटीचं स्वतःचं झाकण आणि लाकूड यांत चार बोटं जागा आहे, वर-खाली हवेला जाळी आहे. खाली चपलांचं कपाट येणार होतं ते दुसरीकडे गेलं. दाराच्या आतल्या बाजूला मी कुठली एमसीबी कशाची ते मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय, फळ्यावर लिहायचो तसं.

काल नऊ वर्षांच्या नातीकडून सराव करून घेतला. टाचा उंचावल्या की तिचा हात मेनला पोचतो. तिसऱ्यांदा सगळ्या घराचा अंधार झाल्यावर आतून सूनबाई ओरडल्या, कुकर नव्हे, मिक्सर बंद पडला होता. पॉलिश अजून व्हायचं आहे.