विस्मृतीवरचे औषध : एका 'अपयशा'ची सत्तावीस वर्षे
#थ्रेड

१/ १९९७ साली अल्झायमरच्या ३४३ रुग्णांवरील एका चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. औषध होते झॅनोमेलीन. गुण दिसला, तरी ते बासनात गेले. २०२४ मध्ये ते वेगळ्याच आजारासाठी परतले. हा प्रवास समजून घ्यायचा, तर आरंभ बेडकाच्या हृदयापासून करावा लागतो.

२/ १९२१, ऑस्ट्रियातील ग्रात्स. ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उद्दीपित केली, ठोके मंदावले. त्या हृदयातील द्रावण दुसऱ्या हृदयाला देताच तेही मंदावले. चेतांचा निरोप रसायन पोहोचवते, हे त्यातून दिसले. ते रसायन म्हणजे ऍसिटिलकोलीन.

३/ हा निरोप स्वीकारणारे पेशीवरील प्रथिन म्हणजे रिसेप्टर. हेन्री डेल यांनी १९१४ मध्येच ऍसिटिलकोलीनच्या परिणामांचे दोन गट पाडले होते : अळंबीतील मस्करीनसारखे आणि तंबाखूतील निकोटीनसारखे. १९३६ चे नोबेल लोवी आणि डेल यांना विभागून मिळाले.

४/ स्मृतीशी नाते जुळले ते १९७४ मध्ये. ड्रॅकमन आणि लेव्हिट यांनी निरोगी तरुणांना स्कोपोलामीन दिले. आपल्याकडच्या धोत्र्यातही असणारे हे द्रव्य मस्करिनी रिसेप्टर अडवते. तरुणांची स्मरणशक्ती काही काळ वृद्धांसारखी क्षीण झाली.

५/ १९७६ मध्ये डेव्हिस आणि मॅलोनी यांनी अल्झायमरने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले. ऍसिटिलकोलीन घडवणारे विकर त्यांत फार घटलेले आढळले. पार्किन्सनमधील डोपामीनची उणीव लेव्होडोपा भरून काढत होते; येथेही तसेच घडेल, अशी आशा निर्माण झाली.

६/ पहिला मार्ग : उरलेल्या ऍसिटिलकोलीनचे विघटन रोखणे. १९९३ मध्ये अमेरिकेत टॅक्रीनला मान्यता मिळाली. ते यकृताला बाधक ठरले. १९९६ मध्ये अधिक सुसह्य डोनेपेझिल आले. पण चेतापेशीच मरत गेल्या, तर राखायचे काय?

७/ म्हणून दुसरा मार्ग : थेट रिसेप्टरलाच चेतवणे. झॅनोमेलीन या मार्गाचे. सर्वाधिक मात्रेने आकलनशक्ती काहीशी सुधारली. शिवाय भ्रम, भास आणि संशय कमी झाले.

८/ ही गोष्ट लहान नव्हे. विसरभोळेपणा घर सांभाळून घेते. पण 'माझे पैसे तूच चोरलेस' असे आईने मुलीला रोज म्हणावे, तेव्हा घर खचते. मात्र हेच रिसेप्टर आतड्यांत आणि ग्रंथींतही असतात. मळमळ, उलट्या, घाम यांमुळे सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी औषध सोडले.

९/ पुढे तोडगा निघाला तो जुन्या औषधातून. मूत्राशयाच्या तक्रारींवरचे ट्रॉस्पियम मस्करिनी रिसेप्टर अडवते, पण मेंदूत फारसे शिरत नाही. झॅनोमेलीनला त्याची जोड दिली आणि शरीराचा त्रास आवाक्यात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ही जोडी स्किझोफ्रेनियासाठी मान्य झाली. अल्झायमरमधील भ्रमांवरही तिच्या चाचण्या हाती घेण्यात आल्या.

१०/ अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. १९९७ च्या चाचणीचा मुख्य प्रश्न स्मृती आणि आकलनाचा होता. भ्रमांविषयीचे उत्तर त्याच कागदांत नोंदलेले होते. विज्ञानाच्या इतिहासात 'अयशस्वी' असा शेरा दिसला, की कोणत्या प्रश्नावर अयशस्वी, हे आधी पाहावे.