आभासी मोटारशर्यतींतील सचोटी

ऑनलाइन शर्यतीच्या खेळांत नियम वाकवणे आणि लबाडी यांची सीमा निर्मात्याच्या हेतूवरून ठरवू नये. गाडी कोणाच्या हातात होती आणि परिस्थिती सर्वांना समान होती का, यावरून ती ठरवावी. ‘मारिओ कार्ट डीएस’ (2005) मध्ये सरळ रस्त्यावरही डावी-उजवीकडे सतत गाडी घसरवून वेग वाढवता येई. या ‘स्नेकिंग’वर पुष्कळांनी दात-ओठ खाल्ले, पण ती युक्ती बोटांच्या सरावाने साधे आणि शिकण्याची मुभा सर्वांनाच होती. तिने खेळातली मजा गेली, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो रचनेवरचा आहे, खेळाडूवरचा नव्हे. ‘मारिओ कार्ट वी’मध्ये (2008) निंटेंडोने रचनाच बदलली, तेच योग्य.

‘ट्रॅकमेनिया’ या शर्यतीच्या खेळाचे प्रकरण वेगळे, कारण तिथे परिस्थिती समान नव्हती. 2021 मध्ये काही नामवंत खेळाडूंचे विक्रम खेळाचा वेग कमी करून रचल्याचे उघड झाले. रीप्ले फायलीत स्टिअरिंगच्या प्रत्येक हालचालीची नोंद असते. नेहमीच्या वेगाने पाहता तीत अस्वाभाविक जलद झटके दिसले. गाडी कोणाच्या हातात होती, हा प्रश्न दुसऱ्या एका प्रकरणात आला: मे 2020 मध्ये फॉर्म्युला-ई चालक डॅनियल आब्टने आभासी शर्यतीत आपल्या जागी व्यावसायिक सिम-रेसर बसवला. हा गमतीचा बेत होता, असे त्याचे म्हणणे. पण इतर स्पर्धकांना त्याची कल्पना नव्हती, त्यामुळे ही सबब टिकत नाही. त्याला बाद ठरवून 10,000 युरो धर्मादाय कामासाठी भरायला लावले गेले आणि त्याच्या ऑडी संघाने त्याला निलंबित केले.