शिकाऊ उमेदवार : विद्यार्थी की कामगार? – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतातील यंत्र अभियांत्रिकी शिक्षणाचा इतिहास केवळ महाविद्यालयांच्या स्थापनेतून उलगडत नाही. त्याचा एक प्रवाह रेल्वेच्या कार्यशाळांतून आलेला आहे. आजच्या बिहारमधील जमालपूर येथे १८६२ मध्ये सुरू झालेली कार्यशाळा हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे १९२७ पासून ‘स्पेशल क्लास अप्रेंटिस’ योजनेखाली निवडक भारतीय तरुणांना भावी यांत्रिक अधिकारी म्हणून प्रत्यक्ष कामातून घडविण्यात आले.

स्वातंत्र्योत्तर काळात शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ ने उमेदवारीच्या परंपरेस व्यापक वैधानिक चौकट दिली. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंतेही तिच्या कक्षेत आले. विद्यावेतन, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांची तरतूद या कायद्यात आहे. तथापि कलम १८ नुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे. त्यामुळे कामगारविषयक कायदे त्यास सर्वसाधारणपणे लागू होत नाहीत. प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे सरसकट बंधनही मूळ कलम २२ ने मालकावर घातले नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने भरतीचे धोरण ठरविण्याचे काम मालकाकडेच सोपविले.

सारांश, ‘तो शिकत आहे’ याच आधारावर उमेदवारास कामगाराचा दर्जा नाकारला गेला आहे. म्हणूनच तो लेथवर खरोखर शिकतो की केवळ उत्पादनास हातभार लावतो, हे पाहणे कारखान्याइतकेच शिक्षणसंस्थांचेही कर्तव्य ठरते.