कानाचं मशीन देणारा माणूस

ड्रॉवरमध्ये पडून राहिलेलं कानाचं मशीन तुमच्यापैकी अनेकांनी घरात पाहिलं असेल. 'एवढे पैसे घातले, पण आजोबा लावतच नाहीत,' ही तक्रारही ऐकली असेल. आज मी मशीनचा नाही, ते देणाऱ्या माणसाचा इतिहास सांगणार आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. वय वाढलं की बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. 'स', 'श' पुसट होतात. भाजीवाला 'साठ' म्हणतो, आजीला 'आठ' ऐकू येतं. अशा कानाला सगळेच आवाज सरसकट मोठे करून दिले, तर भांडं पडल्याचा दणका बसतो आणि शब्द तरीही सुटतात. म्हणून तपासणी, कानाच्या मापाचा मोल्ड आणि मशीन पुन्हा पुन्हा जुळवून देणं आलं. पण जो तपासतो, त्यानेच विकावं का?

१९४८ साली ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली आणि 'मेड्रेस्को' नावाचं मशीन फुकट मिळू लागलं. पण अंगावर पेटी, वेगळी बॅटरी, कानापर्यंत वायर! लोकांना लहान मशीन हवं होतं. १९५२च्या अखेरीस अमेरिकेत ट्रान्झिस्टरचं मशीन बाजारात आलं आणि आकार झपाट्याने घटू लागला. ज्यांना असं मशीन हवं, ते खासगी विक्रेत्याकडे जात. तोच कान तपासी, तोच मशीन विके. गिऱ्हाईक बहुधा वयस्कर, आणि समोरचा काय बोलतोय हेच नीट न ऐकू येणारं. अखेर १९६८ साली कायदा झाला: विक्रेत्याची नोंदणी, परीक्षा, आणि चुकला तर शिस्तभंगाची कारवाई.

अमेरिकेत ऑडिओलॉजिस्टच्या संघटनेने उलटी वाट धरली. नफ्यासाठी मशीन विकणं त्यांच्या नीतिनियमांत बसत नव्हतं. ही बंदी १९७०च्या दशकाच्या अखेरीस उठली. २०२२पासून तर तिथे सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी प्रौढांना मशीन थेट दुकानातून घेता येतं.

आपल्याकडे म्हैसूरची संस्था १९६५ची, मुंबईत वांद्र्याची १९८३ची. तिथून शिकलेली माणसं देशभर गेली. १९९२च्या पुनर्वास परिषद कायद्याने ऑडिओलॉजिस्टना नोंदणी सक्तीची केली. नोंदणीशिवाय काम केलं तर वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! मशीनच्या किमतीपुढे ही रक्कम काय?

मला ब्रिटनचा धडा पटतो. विकणारा आणि तपासणारा एकच असेना का, पण त्याचं नाव कुठेतरी नोंदलेलं हवं आणि त्याला जाब विचारता आला पाहिजे. म्हणून आईवडिलांसाठी मशीन घ्यायला जाल, तेव्हा किमतीच्या आधी दोन प्रश्न विचारा. तुमचा नोंदणी क्रमांक काय? आणि मशीन जुळवून घ्यायला आम्ही परत कधी यायचं?

उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथून उठा. भेटू पुढच्या भागात.